आमसुलाने कॅन्सर बरा करायला निघालेल्या नवशिक्यांसाठी

ही मार्गदर्शिका रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशा होतकरू मंडळींसाठी आहे, ज्यांच्या घरात, वाडीत किंवा भावकीत कुणाला तरी सध्या कॅन्सरचा शेक, म्हणजे किरणोपचार, चालू आहे आणि ज्यांच्या मोबाइलवर ‘कोकम घ्या, किरणांचा दुप्पट गुण, जपानी शास्त्रज्ञांचा शोध’ असा मजकूर येऊन पडला आहे. मजकूर साफ खोटा असता तर काम सोपं होतं, पुसून टाकला की झालं. पण ‘दुप्पट’ सोडलं तर त्यात तथ्य आहे, आणि खरा घोळ तिथेच सुरू होतो.

तथ्य किती, ते आधी सांगून टाकतो. कोकमाच्या सालीत गार्सिनॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. आपला डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्या प्रथिनांवर खुणा करणारी काही एन्झाइम असतात. गार्सिनॉल त्यांना अडवतं, हे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या तपस कुंडू यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी तो धागा पुढे नेला. किरणांनी डीएनएचे दोन्ही पदर तुटले की पेशी ते घाईघाईने सांधते. गार्सिनॉल दिलं की ही सांधणी अडते आणि तेवढ्याच किरणांत जास्त पेशी कामी येतात. फुप्फुसाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशींवर त्यांनी हे पाहिलं. बशीत पाहिलं. हा ‘बशीत’ तेवढा मोबाइलवर येता येता गळला.

तरीही तुम्हाला हे बशीतून उचलून शेकाच्या यंत्रापर्यंत न्यायचंच असेल, तर चला.

साहित्य

रातांबे, एक पाटी. हेला नावाच्या कॅन्सरच्या पेशी, एक नळी. या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या मिळतात, रत्नागिरीच्या मारुती आळीत मिळत नाहीत. पेशींच्या खुराकाला वासराच्या रक्ताचा सीरम. ३७ अंशांवर राहणारी पेटी. क्ष-किरणांचं यंत्र. उंदीर. एक नैतिकता समिती, जिच्यात निदान एक कायदा जाणणारा आणि निदान एक सर्वसामान्य माणूस हवाच. राजीखुशीने सह्या केलेली काही शे माणसं. वर्षं पंधरा ते चाळीस. साखर लागत नाही.

पायरी पहिली: रातांबे फोडणे

बिया काढा, साल घ्या. इथपर्यंत आपल्याकडच्या कुठल्याही काकूंना शिकवावं लागत नाही. घोटाळा पुढे होतो. काकू साल साखरेत घालून बरणी उन्हात ठेवतात आणि आठवड्याभरात औषध तयार झालं असं जाहीर करतात. त्या बरणीतला लाल रंग अँथोसायनिनचा, आंबटपणा हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा आणि बाकी सगळी साखर. गार्सिनॉल पाण्यात विरघळायला मुळीच राजी नसतं. प्रयोगशाळेत ते सालीतून काढायला अल्कोहोलसारखी द्रावणं वापरावी लागतात. शिवाय बशीत ते पेशींभोवती मोजून ठेवलेलं असतं. ग्लासातून घेतलं तर आतडं, यकृत, रक्त अशी सगळी नाकी ओलांडून गाठीपर्यंत किती पोचणार? सरबत उन्हाळ्यात उत्तम. त्याला इतर नोकऱ्या लावू नयेत.

पायरी दुसरी: बशी

ही पायरी मला स्वतःला सगळ्यात आवडते, म्हणून इथे जरा रेंगाळणार आहे.

पेशी मोजून काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या उथळ बशीत सोडा, इतक्या विरळ की प्रत्येकीला शेजार दिसू नये. काही बशांना किरण द्या, काहींना देऊ नका. मग पेटी बंद करून दीड-दोन आठवडे हात लावू नका. बशी उघडाल तेव्हा गुलाबी खुराकाखाली काहीच दिसणार नाही. खुराक ओतून टाका, क्रिस्टल व्हायोलेटचा जांभळा रंग घाला, थोडं थांबा, नळाखाली हलक्या हाताने धुवा. आता बशीच्या तळाला जांभळे ठिपके उठलेले दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे एका पेशीचा गोतावळा. सूक्ष्मदर्शकाखाली बघा: ५० किंवा जास्त पेशी असतील तर धरा, कमी असतील तर सोडून द्या. त्या दहा-वीस पेशी जिवंतच आहेत, पण त्यांचा वंश पुढे जाणार नाही. शेकाच्या हिशेबात त्या मेलेल्या.

हे वाडीतल्या लोकांना आवर्जून सांगण्यासारखं आहे. पाच शेक झाले तरी गाठ हाताला तेवढीच लागते, म्हणून घरच्यांचा धीर सुटतो. किरण लागलेली पेशी पुष्कळदा तत्काळ मरत नाही. दुभंगायला जाते तेव्हा मरते, कधी एकदोन फेऱ्या काढून मरते. गाठीला आपला निकाल लागल्याचं उशिरा कळतं.

ही बशीची पद्धत १९५६ मध्ये अमेरिकेत पक आणि मार्कस यांनी हेला पेशींवरच वापरून दाखवली. हेला पेशी १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून आल्या. त्या वाढवणारे जॉर्ज गाय. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत पुण्याच्या कमल रणदिवे काम करून आल्या आणि साठच्या दशकात त्यांनी मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात पेशी वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. केंद्राचे प्रमुख वसंत रामजी खानोलकर. तीच संस्था पुढे टाटा मेमोरियलमध्ये आली आणि २००२ च्या सुमारास परळहून खारघरला गेली. आज तिला अ‍ॅक्ट्रेक म्हणतात. तेव्हा तुमच्या रातांब्यांची पाटी घेऊन न्यायची कुठे, हा प्रश्न नाही. पनवेलला उतरायचं. (फोन करून जा. अशा पाट्या तिथे बऱ्याच येत असाव्यात.)

पायरी तिसरी: दुसरी बशी, जी सगळे विसरतात

कॅन्सरच्या पेशी मेल्या म्हणून नाचू नका. फिनेलनेही मरतात. दुसऱ्या बशीत गालाच्या आतल्या अस्तराच्या निरोगी पेशी घ्या आणि तेच सगळं पुन्हा करा.

एवढा अट्टाहास कशाला, ते समजायला एडक्यांकडे जावं लागतं. १९२० च्या दशकात पॅरिसला क्लोद रेगो यांनी एडक्याच्या वृषणांवर किरणांचे प्रयोग केले. सगळे किरण एका बैठकीत दिले तर वंध्यत्व येईपर्यंत वरची कातडी भाजून निघायची. तेच किरण थोडे थोडे करून दिले तर वंध्यत्व यायचं आणि कातडी वाचायची. आज तोंडाच्या कॅन्सरला ३३ किंवा ३५ शेक का देतात, एकदाच का उरकत नाहीत, याच्या मुळाशी हा एडका आहे. दोन शेकांमधल्या वेळात निरोगी पेशी आपली मोडतोड सांधून घेतात. कॅन्सरच्या पेशींना तो हिशेब तेवढासा जमत नाही, आणि या फरकावरच सगळी शेकाची विद्या उभी आहे.

आता गार्सिनॉल काय करतं? सांधणीच अडवतं. ते गाठीत अडवेल तसं गालाच्या अस्तरातही अडवेल. रक्तातून फिरणाऱ्या द्रव्याला कुणी गाठीचा पत्ता देत नाही. सांधणी दोन्हीकडे सारखीच कमी झाली तर तुम्ही नवं काही केलं नाही, नुसता किरणांचा डोस वाढवलात. तो डॉक्टर बटण फिरवूनही वाढवू शकतात.

याच्या अगदी उलट सल्ला देणारे काकाही प्रत्येक आळीत असतात. त्यांचं म्हणणं, कोकम अँटिऑक्सिडंट आहे, किरणांचा त्रास कमी करेल. किरणांचं बरंचसं काम पेशीतल्या पाण्यापासून होणाऱ्या विध्वंसक कणांमार्फत चालतं. ते कण टिपणारं द्रव्य गाठीचंही रक्षण करू शकतं. कॅनडात क्विबेकला ५४० रुग्णांना डोक्या-मानेच्या शेकाबरोबर ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटिन देऊन पाहिलं. २००५ मध्ये निकाल आला: तोंडाचा त्रास थोडा कमी, पण गाठ जागेवर पुन्हा उठण्याकडे कल जास्त. म्हणजे एकाच आमसुलाकडून एका काकांची अपेक्षा गाठ जाळण्याची आणि दुसऱ्या काकांची तोंड वाचवण्याची. दोघांना एका खोलीत बसवा आणि आपण चहाला जा.

आणि शेकाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटलेलं असताना सोलकढीचा घोट घेऊन पाहायला सांगा त्यांना. आंबट आणि हिरवी मिरची. पुन्हा सल्ला देणार नाहीत.

पायरी चौथी: बातमी

तुम्ही काहीही केलं नाहीत तरी ही पायरी आपोआप होते. २०२४ च्या फेब्रुवारीत टाटा मेमोरियलच्या एका संशोधनाची बातमी आली. मरणाऱ्या कॅन्सर पेशींतून बाहेर पडणारे क्रोमॅटिनचे तुकडे निरोगी पेशींत शिरून उपद्रव करतात, आणि रेस्वेराट्रॉल अधिक तांबं यांच्या मिश्रणाने ते निकामी करता येतात, असं इंद्रनील मित्रा यांच्या गटाचं अनेक वर्षांचं काम. उंदरांवर बरंचसं, माणसांवर थोडंसं. शेकाच्या दुष्परिणामांशी त्याचा थेट संबंध आहे आणि कल्पना खरोखर वेधक आहे. बातमीत त्याची ‘शंभर रुपयांची कॅन्सरची गोळी’ झाली. रेस्वेराट्रॉल द्राक्षाच्या सालीत असतं हे कुणीतरी शोधून काढलं, आणि माळ्यावरच्या तांब्याच्या कळशा खाली आल्या.

पायरी पाचवी: उंदीर

उंदीर सांगतील ते नम्रपणे ऐका. उंदराची गाठ दोन-तीन आठवड्यांत वाढवलेली असते आणि त्याने पस्तीस वर्षं मशेरी लावलेली नसते. पुढे.

पायरी सहावी: माणसं

इथपर्यंत जाऊन सुखरूप पोचलेल्या एका झाडाची हकीकत सांगतो, म्हणजे झाडांवर माझा राग नाही हे कळेल. युरोपात यू नावाचं सूचीपर्णी झाड असतं, त्याच्या पानांतल्या द्रव्यापासून डोसेटॅक्सेल तयार होतं. पेशी दुभंगताना जे दोरे तयार होतात ते हे औषध आवळून धरतं आणि पेशी दुभंगण्याच्या उंबरठ्यावर अडकते. नेमकी त्याच अवस्थेत पेशी किरणांना सगळ्यात हळवी असते, हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तेरासिमा आणि टोलमाक यांनी, पुन्हा एकदा हेला पेशींवरच, दाखवलं होतं.

डोक्या-मानेच्या कॅन्सरला शेकाबरोबर सिस्प्लॅटिन हे औषध देतात. पण कुणाच्या किडन्या साथ देत नाहीत, कुणाला ऐकू कमी येतं. अशांना ते सोसत नाही. परळला टाटा मेमोरियलमध्ये अशा ३५६ रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांना नुसता शेक, निम्म्यांना शेक आणि आठवड्याला थोडंसं डोसेटॅक्सेल. कोणाला काय हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. निकाल २०२३ मध्ये छापून आला: दोन वर्षांनी हयात असलेले नुसत्या शेकात ४१.७ टक्के, डोसेटॅक्सेलबरोबर ५०.८ टक्के. आता दुसरा आकडा बघा, जो मोबाइलवर कधीच येत नाही. तोंड गंभीर सोलवटण्याचं प्रमाण २२ टक्क्यांवरून जवळजवळ ५० टक्क्यांवर गेलं. दुसऱ्या बशीने दिलेला इशारा माणसांत जसाच्या तसा उतरला. तरीही औषध स्वीकारलं गेलं, कारण दोन्ही आकडे समोर ठेवून तराजू कुठे झुकतो ते बघता आलं. कोकमाच्या बाबतीत अजून एकही आकडा तराजूत नाही.

बशीतलं निरीक्षण ते परळचा निकाल, मध्ये साठ वर्षं. साहित्यात मी चाळीस लिहिली होती, तुम्ही घाबरू नये म्हणून.

पायरी सातवी: मागे फिरणे

ही पायरी हौशी मार्गदर्शिकांत नसते. अ‍ॅक्ट्रेकमध्ये नीलम शिरसाट यांच्या गटाने लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीचे चार प्रकार ओळखणारी जनुकांची तपासणी बसवली. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चारांतला डब्ल्यूएनटी नावाचा प्रकार सगळ्यात सौम्य. या आजारात एरवी पूर्ण मेंदूला आणि पाठीच्या कण्याला शेक द्यावा लागतो, आणि त्याचा भुर्दंड मूल उंचीत आणि अभ्यासात आयुष्यभर भरतं. मग टाटाच्या डॉक्टरांनी एक रास्त प्रश्न विचारला: सौम्य प्रकारच्या मुलांना फक्त गाठीच्या जागेपुरता शेक दिला तर? प्रयोगशाळा भक्कम, हेतू निर्मळ, पालकांची संमती. मोजक्या मुलांनंतर चाचणी थांबवावी लागली, कारण काहींमध्ये शेक न दिलेल्या जागी आजार उठला. त्यांनी ती गोष्ट लपवली नाही, नावानिशी छापली, आणि पुढची चाचणी मेंदू आणि कण्याला शेक द्यायचा पण कमी डोसमध्ये, अशी आखली.

मला विचाराल तर या साऱ्या प्रवासात सगळ्यात जास्त शास्त्र इथे आहे. आमसूलवाल्या काकांनी आजवर एकदाही चाचणी थांबवलेली नाही.

दरम्यान

आता तुम्ही म्हणाल, साठ वर्षं ठीक आहेत, पण वहिनींचा शेक सोमवारपासून आहे. तोवर प्रयोगशाळेतलं काही घरी नेता येईल का?

येईल. फुकट आहे, सिद्ध झालेलं आहे, आणि नेमकं तेच कुणी पुढे पाठवत नाही.

१९८८ मध्ये विदर्स आणि सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या पुष्कळ रुग्णांचे हिशेब तपासले. त्यांना दिसलं की शेक सुरू झाल्यावर साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या कॅन्सर पेशी पूर्वीपेक्षा झपाट्याने वाढू लागतात. त्यानंतर उपचार जितके दिवस लांबतील, त्यातल्या दर दिवसामागे सुमारे ०.६ ग्रे किरण नुसते ही वाढ भरून काढण्यात खर्ची पडतात. रोजचा शेक २ ग्रेचा असतो. म्हणजे आज दिलेल्यातला पाव हिस्सा तरी सहज काल न येण्याच्या दंडात जातो. याचीच उलट बाजू आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने विकसनशील देशांतल्या ९०० रुग्णांवर तपासली: शेक तेवढेच, यंत्र तेच, फक्त आठवड्याला पाचऐवजी सहा. पाच वर्षांनी गाठ आटोक्यात असलेले ३० टक्क्यांवरून ४२ टक्के झाले. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. एक शनिवार.

तेव्हा रत्नागिरीतल्या नवशिक्याने बशीतून यंत्रापर्यंत आणायची जीवशास्त्रातली पहिली गोष्ट म्हणजे हजेरी. ऐकायला शाळेसारखी वाटते, पण आपल्या जिल्ह्यात ती अवघड आहे. मार्चमध्ये शेक सुरू झाला तर पाचव्या आठवड्यात हापूस काढणीला येतो, आणि ‘दोन दिवस जाऊन माणसं लावून येतो’ असं घरचा कर्ता म्हणतो. शिमग्याला पालखी दारात यायची असते. ऑगस्टमध्ये सुरू केला तर गणपती. चौथा आठवडा आणि सण यांची गाठ पडावी असंच आपलं पंचांग आहे. त्यात नेमका तेव्हाच घसा धरतो, जेवण जात नाही, वजन उतरतं. डोकं हलू नये म्हणून तोंडावर बसवतात तो प्लॅस्टिकचा जाळीदार साचा पहिल्या दिवशी गालाला चिकटून जाळीचे ठसे उमटवत होता. आता त्यात बोट जातं. हे तंत्रज्ञांना लगेच सांगा, साचा पुन्हा करावा लागेल. आणि रुग्णाला वाटतं, जरा गावची हवा खाऊन येऊ. गावची हवा पेशींनाही मानवते.

बिडीचंही इथेच उरकतो. १९५३ मध्ये ग्रे आणि सहकाऱ्यांनी मांडलं की प्राणवायू नसलेल्या पेशीला मारायला अडीच-तीन पट किरण लागतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो. शेकाला जाताना गेटबाहेर ओढलेली बिडी ही गाठीला दिलेली छत्री आहे. सरबताची चौकशी करणाऱ्या काकांनी आधी खिसा दाखवावा.

राहण्याचं आधी ठरवा, शेक नंतर. परळला नाना पालकर स्मृती समिती, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा. दोन्हीकडे गर्दी असते, रुग्णालयाची चिठ्ठी लागते. रेल्वेचा सवलतीचा फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यासह घ्या. स्लीपर आणि थ्री-टायर एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. तिकीट खिडकीवर काढा. डॉक्टरांपुढे ‘मी वाचलंय’ अशी सुरुवात करू नका. ‘डॉक्टर, ही दिवसभरात काय काय घेते ते सांगतो’ अशी करा, आणि काढे, चूर्णं, गोळ्या, कुणी आणून दिलेली बाटली, सगळं सांगा.

आणि गणपतीला जायचंच असेल, तर तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढण्याआधी शेकाच्या विभागात विचारा. चतुर्थीला यंत्र बंद आहे का, असेल तर तो शेक कधी भरून काढणार? शनिवारी देतात, किंवा एकाच दिवशी दोन देतात, मध्ये निदान सहा तास ठेवून, निरोगी पेशींना सांधायला तेवढे लागतात म्हणून. दीड दिवसाचा गणपती या हिशेबात कसाबसा बसू शकतो. पाच दिवसांचा असेल तर यंदा विसर्जनाला धाकट्या दिरांना पुढे करा.